एका वेळी एकच वाचक

ग्रंथालयात तिला सगळे चिकटताई म्हणायचे. वीस वर्षं पुस्तकांची बांधणी केल्यामुळे तिच्या बोटांना कायम डिंक नाहीतर खळ लागलेली असायची, शिवाय एखादं काम हातात घेतलं की ती सोडायची नाही. नावाचा तिला राग नव्हता. "मी चिकट आहे म्हणून तुमची पुस्तकं धड आहेत," असं ती उलट ऐकवायची.

पाच वर्षांपूर्वी ग्रंथालयाने ऑनलाइन शाखा सुरू केली, तेव्हा पुस्तकं स्कॅन करायचं काम आपसूक तिच्याकडे आलं. यंत्र शिकायला दोन दिवस लागले. पुस्तक कसं उघडायचं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. लाकडी खोबणीत पुस्तक अर्धवट उघडं ठेवायचं, म्हणजे त्याची पाठ मोडत नाही. वरून काच खाली आणायची, पायाने कळ दाबायची, दोन्ही बाजूंचे कॅमेरे एकदम पानं टिपतात. काच वर, पान उलटायचं, काच खाली. दिवसाला दोन-तीन पुस्तकं व्हायची.

शाखेचा नियम साधा होता. ग्रंथालयाकडे पुस्तकाची एक प्रत असेल, तर ऑनलाइनही ते एका वेळी एकालाच मिळायचं, चौदा दिवसांसाठी. तोवर कागदी प्रत कुलपात. मुदत संपली की वाचकाच्या पडद्यावरून पुस्तक नाहीसं व्हायचं आणि रांगेतल्या पुढच्याला मिळायचं. "आपलंच पुस्तक आपण उसनं देतोय, यात कुणाच्या बापाचं काय जातंय?" असं ग्रंथपाल म्हणायचे. तसे ते भित्रे गृहस्थ, पण या एका बाबतीत ठाम होते.

तो ठामपणा एका मंगळवारी सकाळी दहा वाजता टेबलावर आलेल्या नोटिशीने संपला. एका मोठ्या प्रकाशनाच्या वकीलबाईंनी ती पाठवली होती. सोबत तीनशे सतरा पुस्तकांची यादी. दहा दिवसांत ही सगळी पुस्तकं ऑनलाइन शाखेवरून काढा, नाहीतर कोर्टात भेटू.

ग्रंथालयाचे स्वतःचे वकील होते, तेही काही दिलासा देईनात. "पुस्तक विकत घेतलंत, ते कुणालाही वाचायला द्या, कुणी अडवणार नाही," ते म्हणाले. "पण स्कॅन केलंत म्हणजे नवी प्रत काढलीत. ती काढायचा हक्क लेखकाचा, किंवा लेखकाने ज्याला लिहून दिलाय त्या प्रकाशकाचा. तुम्ही एका वेळी एकालाच देता हे मी कोर्टाला सांगेन. कोर्ट ऐकेल की नाही, ते मात्र सांगू शकत नाही."

"यातली कितीतरी पुस्तकं बाजारात मिळतही नाहीत हो," चिकटताई मध्येच बोलली. "हे बघा, हे बावीस वर्षांत छापलेलं नाही."

"छापलं नाही म्हणून हक्क संपत नाही, ताई."

दहाव्या दिवशी तिनेच ती पुस्तकं एकेक करून काढली. दुसऱ्या कुणी केलं असतं तर तिला ते बघवलं नसतं.

पुढच्या सोमवारी फोन आला. बोलणारी बाई शिवणकाम करणारी होती, नऊ तासांच्या अंतरावरच्या एका गावातली. तिचे वडील गवंडी. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे आवाज होता, समजतही सगळं होतं, फक्त शब्द हाताशी येत नव्हते. एकच शब्द उरला होता, 'उद्या'. जेवलात का, तर उद्या. दुखतंय का, तर उद्या. चिडले की तोच शब्द तीनदा, आणि मग डोळ्यांत पाणी.

"तुमच्याकडचं ते वाचा परत आणायचं पुस्तक आम्ही वापरत होतो," लेक सांगत होती. "पाच महिने. मुदत संपली की रांगेत परत नाव घालायचं, मधले दिवस आधीची पानं आठवून घ्यायची. त्यात ते म्हणींचं प्रकरण आहे ना, अर्धी म्हण आपण म्हणायची आणि शेवटचा शब्द त्यांनी. मागच्या बुधवारी मी 'एका दगडात दोन' म्हटलं आणि बाबा म्हणाले, 'पक्षी'. आम्ही दोघंही घाबरलो, इतका स्पष्ट! आज पुढची पानं उघडायला गेले, तर पुस्तकच नाही. आमचं काही चुकलं का?"

"तुमचं नाही चुकलं," चिकटताई म्हणाली. मागच्या महिन्याभरात रांगेत आणखी अकरा जणांची भर पडली होती. कागदी प्रत एकच होती, पाठीतून सुटत चाललेली, ती बाहेर द्यायची नाही असा नियम होता. दिली असती तरी उरलेल्या अकरांचं काय?

तिने फोन ठेवला, कपाटाचं कुलूप काढलं, पुस्तक घेतलं आणि सरळ ग्रंथपालांच्या खोलीत गेली.

"सर, मी हे पुस्तक कुणाला वाचून दाखवलं तर तो गुन्हा होतो का?"

"कुणाला?"

"एका माणसाला. फोनवर. जेवणाच्या सुट्टीत."

ग्रंथपालांनी आधी कपाळाचा घाम पुसला. मग वकिलांना फोन लावला. वकील हसले. "वाचू दे की! रेकॉर्ड करू नका म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवसापासून रोज साडेबाराला चिकटताई डबा बाजूला सारून फोन लावायची. लेक फोन वडिलांच्या कानाशी धरायची. "नमस्कार मिस्त्री," ती म्हणायची. पलीकडून "उद्या" असं उत्तर यायचं. मग ती पान उघडायची. पण पुस्तकात अर्धी चित्रं होती. ओठ कसे करायचे, जीभ कुठे टेकवायची, हे फोनवर सांगताना तिची त्रेधातिरपीट उडायची. दहा-बारा दिवस झाले, तरी 'पक्षी'च्या पुढे गाडी जाईना.

मग तिने नोटिशीवरच्या नंबरावर वकीलबाईंना फोन केला. परवानगी कुणी द्यायची, एवढंच तिला विचारायचं होतं.

"तुम्हाला ठाऊक आहे ना, मी विरुद्ध बाजूची आहे?" वकीलबाई म्हणाल्या.

"म्हणून तर तुम्हाला नक्की माहीत असणार."

मग वकीलबाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं. प्रकाशनाकडे करार असेपर्यंत परवानगी प्रकाशन देणार, आणि प्रकाशन हे पुस्तक छापणारही नाही, परवानगीही देणार नाही, कारण एकाला दिली की तीनशे सतरा मागायला येतील. "लेखिकेला विचारून बघा. हयात आहेत. पण माझ्याकडून पत्ता मिळणार नाही."

पत्ता मिळवायला आठवडा गेला. प्रस्तावनेत एका रुग्णालयाच्या विभागाचे आभार मानले होते. तिथल्या जुन्या परिचारिकेने सांगितलं, बाई निवृत्त होऊनही जमाना झाला, आता बहिणीकडे राहतात. चिकटताईने रजा टाकली, पुस्तक कापडात गुंडाळून पिशवीत ठेवलं आणि बस धरली.

लेखिकाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. ताठ बसायच्या आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत ऐकायच्या. आयुष्यभराची सवय असावी. चिकटताईने सगळं सांगितलं. ऑनलाइन शाखा, नोटीस, गवंडी, रांगेतले अकरा जण. बाई खूश होतील असं तिला वाटलं होतं. बाईंचा चेहरा मात्र कठोर होत गेला.

"किती जणांनी नेलं म्हणालीस?"

"पाच वर्षांत शंभराच्या वर."

"आणि मला कधी कळवलंत?"

चिकटताई पिशवीतून पुस्तक काढू लागली.

"प्रकाशकाने मला न विचारता पुस्तक बंद केलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला न विचारता चालू केलंत. चांगल्या हेतूने केलंत, कबूल. पण या घराची पायरी बावीस वर्षांत तुम्हीही चढला नाहीत, त्यांनीही नाही."

चिकटताईचे कान तापले. नोटीस आल्यापासून तिने मनातल्या मनात प्रकाशकाला शिव्या घातल्या होत्या. स्कॅन करताना रोज पहिल्या पानावरचं लेखकाचं नाव तिच्या डोळ्यांसमोरून जायचं. त्या नावाचा माणूस कुठेतरी असेल, त्याला एक कार्ड टाकावं, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. तिने पुस्तक बाईंपुढे ठेवलं. बाईंनी हात लावला नाही. भिंतीवरच्या घड्याळात साडेबाराला पाच मिनिटं होती.

"बाई, मला एक फोन करावा लागेल. मिस्त्री वाट बघत असतील."

"कर की."

तिने फोन लावला, आवाज मोठा ठेवला, म्हणींचं पान काढलं. "नमस्कार मिस्त्री. आज नवीन म्हण. अति तेथे…" तिने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे मनात पाच आकडे मोजले. उत्तर नाही. मग तिने पहिलं अक्षर सुचवायला तोंड उघडलं, "मा…"

"थांब!" बाई एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडे लेकही दचकली. "घाई करतेस तू. म्हणजे, मीच करायला सांगितलंय." त्यांनी पुस्तक पुढे ओढलं, पान बोटाने ठोकलं. "पाच आकडे मोजा असं लिहिलंय इथे. चूक आहे ते. निदान पंधरा हवेत. पुस्तक निघाल्यावर पाच-सहा वर्षांत माझ्या लक्षात आलं. तेव्हापासून टोचतंय. पण छापतच नसतील, तर दुरुस्त कुठे करू? आण इकडे तो फोन."

त्यांचा आवाज एकदम बदलला, हळू आणि सपाट झाला. "मिस्त्री, मी या पुस्तकवाली बाई. मला अजिबात घाई नाही. अति तेथे…"

खोलीत कुणी हललं नाही. चिकटताईने पंधरा मोजले. वीस मोजले. तिने बाईंकडे बघितलं, बाईंनी हाताने 'गप्प राहा' अशी खूण केली. पलीकडून जड श्वास ऐकू येत होता.

"माती," गवंडी म्हणाला.

लेकीने काहीतरी बोलायला सुरुवात केली, तेव्हा बाई फोनमध्ये कुजबुजल्या, "बोलू नकोस, ते अजून शब्द शोधताहेत."

"माती," तो पुन्हा म्हणाला. मग बराच वेळ गेला. "वाळू." पुन्हा वेळ. "वीट. वीट… ओळंबा."

लेक रडायला लागली ते स्पष्ट ऐकू आलं. बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदराने पुसला आणि फटकारल्यासारखं म्हणाल्या, "रडू नकोस मुली, लिहून ठेव. ज्या क्रमाने आले त्या क्रमाने. त्यांच्या कामाचे शब्द आधी येताहेत, उद्या तिथूनच धरायचं. स्वयंपाकघरातले शब्द मागून येतील."

फोन ठेवल्यावर त्या उठल्या, आतून एक फाइल घेऊन आल्या आणि टेबलावर आपटली. "हा करार. सही केली त्यानंतर मी तो वाचलेला नाही. तू वाच. तुला कागदांची सवय आहे."

चिकटताईने बांधणीवाल्यांच्या सवयीने शेवटचं पान आधी बघितलं. नववं कलम तिने दोनदा वाचलं, मग मोठ्याने वाचलं. पुस्तक दोन वर्षं बाजारात उपलब्ध नसेल, तर लेखिकेने लेखी मागणी करावी. मागणीपासून नव्वद दिवसांत प्रकाशनाने नवी आवृत्ती काढली नाही, तर सगळे हक्क लेखिकेकडे परत.

"लेखी मागणी," बाई म्हणाल्या. "म्हणजे बावीस वर्षं एका पत्राचं काम होतं?"

"हो, बाई."

"मीही मूर्खच म्हणायची. चल, लिही. माझं अक्षर आता वाचता येत नाही कुणाला."

पत्र त्याच दुपारी रजिस्टर पोस्टाने गेलं. ग्रंथपालांनी नव्वद दिवसांचा हिशेब भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने मांडला आणि रोज सकाळी एक फुली मारू लागले. मधल्या दिवसांत रोज साडेबाराला बाईच गवंड्याशी बोलायच्या. रांगेतल्या अकरा जणांना चिकटताईने स्वतः फोन करून खरं काय ते सांगितलं. त्यातल्या दोघांनी बाईंचा नंबर मागितला. बाईंनी आधी विचारलं, "किती जण आहेत?" आणि मग सगळ्यांनाच द्यायला सांगितला. बाईंची बहीण फोनवर सांगायची, "घरात आता सारखी घंटा वाजते. हिचा बीपी सुधारलाय."

चौऱ्याहत्तराव्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला.

"करार तसाच आहे, तुमची मागणीही बरोबर आहे. प्रकाशन नवी आवृत्ती काढणार नाही. हक्क लेखिकेला परत दिल्याचं पत्र आज टपालात टाकलंय. नव्वद दिवस ताणायला काही अर्थ नव्हता." मग त्या म्हणाल्या, "बाकीच्या तीनशे सोळांबद्दल मात्र आमचं म्हणणं तेच आहे हं."

"असू दे. मी त्यांनाही विचारणार आहे."

"एकेकाला?"

"दुसरं कसं विचारतात?"

वकीलबाई हसल्या. पंधरा दिवसांनी त्यांनी एक लिफाफा पाठवला. यादीतल्या ज्या पुस्तकांच्या लेखकांनी आपलं नाव-पत्ता द्यायला हरकत नाही असं प्रकाशनाला कळवलं होतं, त्यांचे पत्ते. बावीस निघाले. पत्त्यांसाठी त्यांनी आपण होऊन पत्रं लिहिली होती, हे त्यांनी सांगितलं नाही. ते चिकटताईला पुढे एका लेखकाकडून कळलं.

बाई स्वतः ग्रंथालयात आल्या. दुरुस्त केलेली अठ्ठावीस पानं त्यांनी टाइप करून आणली होती. चिकटताईने जुन्या पुस्तकाची पाठ सोडवली, चुकीची पानं काढली, नवी शिवली. मग दोघींनी मिळून ते पुन्हा स्कॅन केलं. पानं बाईंनी उलटायची, काच चिकटताईने खाली आणायची. परवानगीच्या कागदावर बाईंनी दोन अटी घातल्या. पहिली, दुरुस्त झालेलीच प्रत द्यायची. दुसरीने ग्रंथपाल गडबडले.

"एका वेळी एकच वाचक, हा काय प्रकार आहे?" बाई म्हणाल्या.

"तो आमचा नियम, बाई. एक प्रत, एक वाचक. कायद्यात बसावं म्हणून."

"पण आता हक्क माझे आहेत ना? मग काढून टाका तो. झटका काय रांग लावून येतो?"

रांग काढून टाकली. पहिल्याच महिन्यात पुस्तक दोनशे घरांत एकदम उघडं होतं. गवंडी पावसाळ्यानंतर एका इमारतीच्या कामावर जाऊ लागला. हाताने काम करायला नाही, खुर्चीवर बसून देखरेख करायला. लेकीने लिहिलं, "बाबांना शब्द अजून शोधावे लागतात. मालक त्यांना घाई करतो तेव्हा कामावरची पोरंच त्याला गप्प करतात. परवा भिंत वाकडी लागत होती. बाबा खुर्चीतून ओरडले, 'पाड!' एका शब्दात काम झालं."

चिकटताईची पत्रं चालू राहिली. बाकीचे पत्ते ती स्वतः शोधायची; आधी लेखकाने प्रकाशनाकडून हक्क परत मागायचे, मग ग्रंथालयाला परवानगी द्यायची. कधी होकार यायचा, कधी नकार. एका कादंबरीकाराने कळवलं की त्याचं पुस्तक अजून दुकानात खपतं आणि त्यावर त्याचं घर चालतं, तेव्हा माफ करा. तिने त्याला उत्तर पाठवलं, "विचारून बरं झालं," आणि यादीतलं ते नाव खोडलं. काही पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली. वर्षाअखेरीस चोपन्न पुस्तकं पुन्हा उघडली, सगळी लिहून घेतलेल्या परवानगीने.

सगळ्यांत दमवलं ते लाकडी होड्या बांधण्यावरच्या एका पुस्तकाने. लेखक वारला होता, मागे चार भावंडं. हक्क चौघांचा, तेव्हा सह्या चौघांच्या हव्यात. थोरल्याने, मधल्या बहिणीने आणि तिसऱ्याने सह्या केल्या. धाकटा मात्र थोरल्याशी अकरा वर्षं बोलत नव्हता आणि पत्राला उत्तरही देत नव्हता.

चिकटताई त्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. लाकडाचा भुसा घोट्यापर्यंत. धाकट्याने रंधा खाली ठेवला नाही.

"थोरल्याने पाठवलं का तुम्हाला?"

"नाही हो. ग्रंथालयाने. तुमच्या वडिलांचं पुस्तक लोकांनी वाचावं, एवढंच."

"त्याने सही केली?"

"केली."

"बघू."

तिने कागद पुढे केला. त्याने हात कपड्याला पुसले, कागद उजेडात धरला आणि पहिल्याच सहीवर थांबला. इतका वेळ थांबला की तिला वाटलं, आता परत देणार.

"त्याचा हात थरथरायला लागला वाटतं," तो म्हणाला.

"हो. सही करायला त्यांना तीनदा पेन धरावं लागलं."

एका फळीवरचा भुसा धाकट्याने हाताने झाडला, कागद तिथे सरळ ठेवला आणि तिच्याकडे पेन मागितलं. सही करून झाल्यावरही त्याने कागद लगेच दिला नाही.

"घर तेच का त्याचं?" त्याने विचारलं. "का बदललं?"

चिकटताईने पिशवीतून वही काढली आणि त्याला पत्ता लिहून दिला.